साठ जीबीतला चारूचा वाटा

मंडळी, ऐका! टाळ जरा थांबवा. पखवाजवाले बापू, तुम्हीही हात टेका. एक प्रश्न विचारतो. घाबरू नका, परीक्षा नाही!

उन्हाळा आहे. विहिरीनं तळ गाठलाय. घरात एकच हंडा पाणी — आणि टँकर येणार परवा. घरात माणसं सहा. सांगा बरं, पहिला तांब्या कुणाचा?

"तान्ह्या लेकराचा!" — शाबास, माउली! तिकडून कोण म्हणालं, "आजारी माणसाचा"? तेही बरोबर. पण कुणी असं म्हणालं का, "ज्याच्या नावावर घर आहे, त्याचा"? नाही! "जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल, त्याचा"? नाही! हसताय काय — बऱ्याच घरांत तोच पितो!

म्हणजे तुम्हाला कळतं. थोडं असलं की ते कुणाचं? ज्याचं त्याच्यावाचून अडतं, त्याचं. झालं! संपलं कीर्तन! चला प्रसाद घ्या!

नाही, बसा. बसा! कारण हे आपल्याला पाण्यापुरतं कळतं. हंड्यात दुसरं काही ओतलं की आपली अक्कल पालथी पडते. आणि आजच्या आख्यानातल्या हंड्यात पाणी नाहीच मुळी. हंड्यात आहे — नेट! इंटरनेट!

बघा, लगेच पोरं सरसावून बसली! इतका वेळ भिंतीला टेकून जांभया देत होती!

तर ऐका. जावळीच्या डोंगरात खडकमाळ नावाची वाडी. पंचवीस-तीस घरं. मोबाईलला रेंज पाहिजे तर टेकडीवरच्या देवळापर्यंत चढायचं, आणि एक पाय दगडावर ठेवून, मान वाकडी करून बोलायचं — "हॅलो... हॅलो... आता येतंय का?" देवाला वाटायचं, ही माणसं रोज माझ्याकडं येतात, केवढी भक्ती! कसली भक्ती? सगळे देवाकडं पाठ करून उभे!

त्या वाडीत राहायचे सुभेदार हिंदुराव पार्टे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेली. उभे राहिले की पाठीला पट्टी लावून बघावी. घरात बायको भागीरथीकाकू, एकुलता मुलगा सुहास, आणि सून चारुशीला. सगळे तिला चारू म्हणत.

आता या चारूविषयी सांगायला हवं. चारू बहिरी. दोन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि कान गेले ते गेलेच. वाडी तिला काय म्हणायची? "सुभेदाराची मुकी सून." मंडळी, मी आत्ताच सांगून ठेवतो — मुकी म्हणू नका! बहिरी म्हणा, चालेल. मुकी ती नव्हती. तिचे हात असे बोलायचे, असे बोलायचे, की तुमचा हा बुवा तिच्यापुढं तोतरा!

सुहास दुधाचा टेम्पो चालवायचा. साताऱ्याच्या बाजूला कर्णबधिर मुलांचं एक वसतिगृह आहे, तिथं रोज दूध टाकायचा. तिथं ही चारू मोठ्या मुलींना शिवण शिकवायची. याला तिच्याशी बोलायचं होतं — म्हणून पठ्ठ्या खुणांची भाषा शिकला! वर्षभर! अहो, आमच्याकडं बायकोशी बोलायला भाषा येते, तरी लोक बोलत नाहीत! यानं आधी भाषा शिकली आणि मग लग्नाचं विचारलं. सुभेदारांनी आधी नाही म्हटलं. मग सहा महिन्यांनी हो म्हटलं. पोरगी नीटनेटकी, कामाला वाघीण, मग हरकत कशाला? सून घरात आली. दीड वर्ष गेलं.

आणि मग सुभेदारांनी छपरावर थाळी बसवली! पांढरी थाळी — डोंगरापलीकडच्या मनोऱ्याकडं तोंड करून. वाडीतलं पहिलं नेट — शेजारणींचे फोनही त्यालाच जोडलेले! सुभेदार अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि येणारा-जाणारा थाळीकडं बघतोय ना, हे बघायचे. अभिमान हो, अभिमान! माणसाला मुलाच्या नोकरीचा नसेल एवढा थाळीचा अभिमान!

पण त्या नेटला एक अट होती. महिन्याला साठ जीबी. आता आज्या म्हणतील, जीबी म्हणजे काय हो, बुवा? आजी, जीबी म्हणजे नेटचं माप. जसा शेर, जशी पायली, तसं हे. महिन्याला साठ मापं मिळणार. संपली की नेट बंद होत नाही — मुंगीच्या पावलानं चालतं. चिठ्ठी जाईल, पण हलतं चित्र येणार नाही. मग पहिल्या तारखेची वाट बघायची. आणि कुणी शहाणा म्हणेल, "जादा विकत घ्यावं की!" — नाही! त्या योजनेत ती सोयच नव्हती. साठ म्हणजे साठ!

एप्रिल महिना. सतरा तारीख. सुभेदार टीव्हीवर कुस्ती बघतायत. दोन पैलवान एकमेकांना भिडले, एकानं पट काढला — आणि चित्र थांबलं! चक्र फिरायला लागलं. गरगर, गरगर! पैलवान हवेत लटकलेला!

"सुहास! काय झालं रे?"

"आबा, साठ संपले."

"संपले? आज सतरा तारीख! तेरा दिवस बाकी आहेत महिन्याचे! खाल्लं कुणी एवढं?"

आता मंडळी, घरात काही कमी पडलं की पहिलं बोट कुणाकडं जातं? सांगा! सांगा की! — सुनेकडं! तूप संपलं, सून. दूध उतू गेलं, सून. मग जीबी संपले तर कोण? शेजारची एक बाई म्हणाली, "ती सारखी फोन तोंडापुढं धरून हात हलवत असती. तेच खातं म्हणं जास्त." भागीरथीकाकू म्हणाल्या, "व्हिडिओ लई खातो, असं ऐकलंय खरं."

झालं! निकाल लागला! पुरावा नाही, साक्ष नाही — शिक्षा तयार! सुभेदार उभे राहिले. "फौजेत आम्ही दोन दिवस पाण्याच्या एका बाटलीवर काढलेत. आजपासून रेशन! पुढच्या महिन्यापासून व्हिडिओ कॉल रविवारी. अर्धा तास. बस!"

सुहास म्हणाला, "आबा, तिचं बोलणं म्हणजेच व्हिडिओ आहे. साधा फोन तिच्या काय कामाचा? मी चार-चार दिवस बाहेर असतो. ती बोलणार कुणाशी?"

"घरात आम्ही आहोत की बोलायला!"

"आहात. पण दोन वर्षांत तुम्ही तिच्याशी काय बोललात, आबा?"

मंडळी, सुभेदार आठवायला लागले. चहा — हाताचा कप करून. जेवण — बोटं तोंडाकडं. बाहेर जातो — हात असा. पुढं? पुढं काही आठवेना. दोन वर्षं. तीन खुणा.

पण हुकूम तो हुकूम. मागं घेतला तर सुभेदार कसले?

चारूला सुहासनं सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं मानही खाली घातली नाही. एकच विचारलं हातांनी — "आणि ओवी?"

आता ओवी कोण? ओवी म्हणजे डोंगरापलीकडच्या सावरखिंडीतली पाच वर्षांची पोर. जन्मापासून बहिरी. तिची आई उज्ज्वला, बाप बांधकामावर मजुरीला परगावी. मेढ्याच्या बाजारात ही पोर एकदा जमिनीवर लोळून रडत होती. आईला कळेना, काय पाहिजे. गूळ दिला, फेकला. फुगा दिला, फोडला. चारू तिथं पातळ घ्यायला आलेली. ती पोरीसमोर उकिडवी बसली, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि स्वतःच्या चपलेकडं बोट केलं. पोरीच्या चपलेत खडा होता! तेवढंच! पाच वर्षांची पोर — आणि "टोचतंय" एवढं सांगायला तिच्याकडं शब्द नाही, खूण नाही, काही नाही!

त्या दिवसापासून चारू रोज सकाळी फोनवर अर्धा तास ओवीला शिकवायची. हे पाणी. ही गाय. ही आई. हे दुखतंय. सावरखिंडीत टॉवर आहे, उज्ज्वलाच्या फोनवर चित्र यायचं. पोर शोषून घ्यायची हो, कोरड्या जमिनीसारखी! सहा महिन्यांत दीडशे खुणा!

आणि आता — रविवारी अर्धा तास. तोही नवऱ्याचा, ओवीचा आणि माहेरचा मिळून! चारूनं काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतं? तिनं अख्खा अर्धा तास ओवीला दिला. नवऱ्याला म्हणाली, "तू चार दिवसांनी घरी येतोस. तिचे चार दिवस परत येणार नाहीत."

मे महिना असा चालला. आणि वीस मे उजाडली. सुभेदार टीव्हीपुढं. पैलवान भिडले. पट निघाला — आणि गरगर, गरगर!

संपले! पुन्हा साठ संपले!

आता? आता बोट कुणाकडं? सून तर रविवारीच बोलत होती! सुभेदारांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मोठ्यानं ओरडायला तोंड उघडलं — आणि ओरडायला माणूसच सापडेना!

तेव्हा चारू आली. हातात फोन, आणि ब्लाउज बेतायचा तो तपकिरी कागद. सुभेदारांसमोर मांडी घालून बसली. फोनमध्ये एक पान उघडलं. त्यात असतं हो सगळं! घरातल्या कुठल्या यंत्रानं किती खाल्लं, लिहिलेलं असतं! बघतो कोण? तिनं ते पान दाखवलं, आणि कागद पुढं केला. कागदावर तिच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. सुभेदारांनी नंतर मला वाचून दाखवलं, म्हणून शब्दाला शब्द सांगतो —

"आबा, टीव्हीनं सेहेचाळीस खाल्ले. आई आणि शेजारणींच्या फोननी बारा. मी दोन. रेशन लावायचं तर सगळ्यांना लावा, मी पहिली पाळीन. पण माझं बोलणं ही चैन नाही. ती माझी जीभ आहे. ती रविवारपुरती कुणाची नसते."

वा! काय लिहिलं पोरीनं! माफी नाही, विनवणी नाही, भांडण नाही. नुसतं खरं!

आणि मंडळी, सेहेचाळीस कसे झाले, ठाऊक आहे? सुभेदार कुस्ती लावायचे आणि दहा मिनिटांत घोरायचे! पण टीव्हीला काय त्याचं? एक कुस्ती संपली की दुसरी आपोआप, दुसरी संपली की तिसरी! म्हातारा झोपलाय — टीव्ही एकटाच कुस्त्या बघतोय! तेही भिंतीएवढ्या लख्ख चित्रात! आणि सून उपाशी!

सुभेदारांनी कागद दोनदा वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उठले, गोठ्यात गेले. दोन दिवस तिथंच काहीबाही काम काढत राहिले. काकूंना वाटलं, रागावले. राग नव्हता तो! ज्याच्यावर चुकीचा आरोप केला, त्याच्यासमोर उभं राहायला छाती लागते — ती ते दोन दिवस शोधत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी. पायांवर धूळ, कडेवर पाच वर्षांची पोर. एसटीतून उतरून कोसभर चढ चढून आलेली.

"काका, हातानं बोलणाऱ्या ताई इथंच राहतात का?"

"राहतात. काय काम आहे?"

"मी सावरखिंडीची उज्ज्वला. ही ओवी. पोर दोन दिस जेवली नाय, काका. फोन मांडीवर घेऊन बसते नुसती. आधी ताई रोज यायच्या, मधे पंधरवडाभर बंदच, मग रविवारी यायला लागल्या. या रविवारी आल्याच नाहीत. चित्र नुसतं थांबलं. पोरीला वाटतंय, ताई मेली."

"अगं, नेट संपलं होतं! सांगायचंस ना तिला!"

"कसं सांगू, काका?" ती बाई म्हणाली, "'नेट संपलं' ही खूण मला येत नाय."

मंडळी... लढाईत गोळी खाल्लेला माणूस तो. पण हे वाक्य त्या गोळीपेक्षा खोल गेलं.

एवढ्यात चारू आतून आली. पोरीनं तिला पाहिलं — आणि आईच्या कडेवरून अशी झेपावली! गळ्यात पडली, पुन्हा मागं सरली, चारूचे गाल चाचपले — आहे, जिवंत आहे! आणि मग तिचे हात सुटले! भराभरा, भराभरा! चारू हसायला लागली, डोळे पुसायला लागली, मान डोलवायला लागली.

सुभेदारांनी उज्ज्वलाला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"मलाबी सगळं कळत नाय, काका. आई असून."

मग सुभेदार स्वतः चारूसमोर जाऊन उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुनेला एक प्रश्न विचारला. खूण येत नव्हती. नुसता तळहात उघडा केला — काय?

चारूनं सावकाश, त्यांना समजेल असं करून दाखवलं. मांजर. मिशा अशा. मांजरीला पिल्लं. तीन. दोन काळी. एक पांढरं. पांढरं डोळे उघडत नव्हतं. आता उघडतं!

एवढीच बातमी! पाच वर्षांची पोर आठवडाभर एवढी बातमी पोटात घेऊन बसली होती. सांगायला जगात एकच माणूस — आणि ते माणूस सुभेदारांच्या रेशनात अडकलेलं!

सुभेदार दोन पावलं मागं सरले. अंगात बनियन, खाली लेंगा. टाचा जुळवल्या. छाती पुढं काढली. त्या माणसाला एकच खूण पक्की येत होती, मंडळी — त्यांनी सुनेला सॅल्यूट केला! कडक! साहेबाला करतात तसा!

काकू स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला पदर. आणि चारूनं काय केलं? तिनंही टाचा जुळवल्या — आणि सॅल्यूट स्वीकारला! लाजली नाही! मी तर म्हणतो, ज्याला मान घेता येतो ना, त्यालाच तो शोभतो!

मग आला जून. आणि सुभेदारांनी मोहीम काढली! टीव्हीवर आपोआप पुढचं लागायचं — ते बंद! चित्राचा दर्जा सगळ्यात खालचा. म्हणाले, "पैलवानाचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, धोबीपछाड दिसली म्हणजे झालं!" सगळ्यांच्या फोनमध्ये फोटो न विचारता उतरायचे, ते बंद! काकूंना रोज सकाळी ऐंशी लोक गुलाबाची फुलं पाठवायचे, "शुभ सकाळ" म्हणून. सुभेदार म्हणाले, "सकाळ शुभ असेल ती उठून बघ की दारात!" शेजारणी सात फोनवर एकच मालिका सात वेळा बघायच्या. आता दुपारी चारला एकाच टीव्हीवर सगळ्याजणी मिळून. भांडणं? झाली की! पहिल्या आठवड्यात दोघीजणी आल्याच नाहीत. मग गप्पांची गोडी लागली, तेव्हा आल्या.

चारूचा वाटा आधी बाजूला. उरेल ते बाकीच्यांचं. आणि रोज दिवेलागणीला सुभेदार सुनेसमोर बसायचे, पाच खुणा शिकायचे. साठी उलटलेली, बोटं काठीसारखी. "पाऊस" म्हणायला जायचे आणि "खाज" म्हणायचे! चारू पोट धरून हसायची. दोन वर्षांत त्या घरानं तिचं हसू ऐकलं नव्हतं. बहिऱ्या माणसाच्या हसण्याला आवाज असतो, मंडळी. मोठा असतो, मोकळा असतो!

पण परीक्षा अजून व्हायची होती.

जूनच्या शेवटी क्रिकेटची मोठी स्पर्धा. अंतिम सामना — रविवारी, दुपारी तीनला. आणि त्याच आठवड्यात घाटात दरड आली, सावरखिंडीचा रस्ता बंद. आणि इकडं वसतिगृहाच्या शाळेतून निरोप आला — लहान वर्गात एकच जागा उरलीय. ओवीला आम्हाला बघायचंय. सूचना कळतात का, सांगता येतं का, बघू. रस्ता बंद आहे तर व्हिडिओवर बघू. सोमवारी सकाळी अकराला. उज्ज्वला आणि ओवी त्यांच्या घरून, शाळेच्या बाई शाळेतून, आणि मधे दुवा म्हणून चारू.

रविवारी पावणेतीनला सुभेदारांच्या पडवीत अख्खी वाडी! पन्नास माणसं! शिट्ट्या, टाळ्या! "सुभेदार, लावा! नाणेफेक होईल!"

सुभेदारांनी फोन उघडून बघितलं. आधीचे सामने वाडीनं बघितलेच होते. शिल्लक — तीन, म्हणजे चारूचा वाटा तेवढाच उरलेला. चित्र कितीही बारीक केलं तरी सामना तीन-चार तासांचा. सगळं चाटून-पुसून जाणार.

चारू दारात उभी. हात पदरात.

सुभेदार म्हणाले, "आज टीव्ही लागणार नाही."

गलका झाला! एकजण म्हणाला, "अहो सुभेदार, आपल्या देशाचा सामना! तुम्ही फौजी माणूस, आणि तुम्हीच असं म्हणता?" दुसरा म्हणाला, "शाळेचं पुढच्या वर्षी बघता येईल. फायनल काय परत येणार आहे?"

खरं सांगा, तुम्ही तिथं असता तर काय म्हणाला असता? मी सांगतो, मी काय म्हणालो असतो. मी म्हणालो असतो, "जरा थोडा वेळ तरी लावा!" हो! बुवा असलो तरी मलाही सामना आवडतो!

सुभेदार पायरीवर उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "फायनल दरवर्षी येईल. पाच वर्षांची पोर परत पाच वर्षांची होईल काय? बोलायचं वय असतं रे. ते गेलं की गेलं. मी देशासाठी अठ्ठावीस वर्षं उभा राहिलो. देश म्हणजे काय नुसते अकरा जण? त्या खिंडीतली पोर देशाबाहेर आहे काय?"

आणि मग एक म्हातारा म्हणाला, "सुभेदार, तुमच्या माळ्यावर रेडिओ होता नव्हं?"

निघाला की रेडिओ! धूळ झटकली, सेल घातले, खरखर-खरखर — आणि लागला! रेडिओला जीबी लागत नाहीत, मंडळी! तो हवेतून फुकट येतो!

पन्नास माणसं रेडिओभोवती. आणि आता खरी गंमत ऐका. चेंडू सीमेपार गेला. सगळे ओरडले. चारूला काय कळणार? तर सुभेदार उठले आणि पंचासारखे दोन्ही हात वर केले — षटकार! हात आडवा हलवला — चौकार! एक बोट वर — गेला बिचारा! अहो, पंच हातानंच बोलतो की! कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! मग काय, सगळी वाडी चारूकडं तोंड करून हात करायला लागली! पन्नास माणसं एका बहिऱ्या पोरीला सामना सांगतायत! जन्मात पहिल्यांदा चारू गावाबरोबर एकाच क्षणी उडी मारत होती!

कोण जिंकलं? विचारलंत ना! वाटलंच मला! नाही सांगत! सांगितलं तर घरी जाताना तेवढंच लक्षात ठेवाल!

सोमवार. सकाळी अकरा. पडद्यावर तीन चौकोन. एकात शाळेच्या बाई, एकात ओवी आणि तिची आई, एकात चारू. चारूच्या मागं, चौकोनाबाहेर, सुभेदार भिंतीला पाठ लावून उभे.

बाईंनी खुणांनी विचारलं — गाय कुठं? पोरीनं चित्र उचललं. लाल काय? दाखवलं. तुझ्या घरी कोण-कोण? आई. आजी. मांजर. पिल्लं तीन! बाई हसल्या. सगळं बरोबर. पण बाई चारूला म्हणाल्या, "सांगते छान. पण ही काही विचारत नाही. विचारायला लागलं की भाषा आपली झाली."

चारूला ते ठाऊक होतं. ओवीनं तोवर कधी प्रश्न विचारलाच नव्हता.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो. या लोकांत प्रत्येकाचं नाव खुणेचं असतं. आपलं नाव आवाजाचं, त्यांचं नाव हाताचं. बाईंनी पोरीला आपलं नाव सांगितलं — चष्म्याची काडी धरायची, झालं बाईंचं नाव. चारूनं आपलं केलं — बोटांनी सुई ओढली. ओवीनंही आपलं नाव करून दाखवलं — गालावरच्या खळीवर बोट. चारूनंच ठेवलेलं.

आणि मग पोर थांबली. बाईंकडं बघितलं. चारूकडं बघितलं. मान वळवून आईकडं बघितलं. भुवया जवळ आल्या. आणि त्या पोरीनं दोन्ही हात वर आणले, आणि आईला विचारलं —

"तुझं नाव काय?"

मंडळी! पाच वर्षं जिनं पोटाशी धरली, तिला नाव आहे, हेच त्या पोरीला ठाऊक नव्हतं! आई म्हणजे आई! आज तिला कळलं, आई कुणीतरी आहे!

उज्ज्वला रडायला लागली. "मला नाव नाय... माझं खुणेचं नाव कुणी ठेवलंच नाय," असं नुसतं पुटपुटली. पोरीला ते कुठं ऐकू येतंय? ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली, निरखून. उज्ज्वलाच्या डाव्या भुवईत विळा लागल्याची जुनी खूण होती. पोरीनं त्यावर बोट फिरवलं. मग तसंच स्वतःच्या भुवईवर फिरवलं. बाईंना दाखवलं, चारूला दाखवलं. ही! ही माझी आई! हे तिचं नाव!

पाच वर्षांच्या पोरीनं आईचं बारसं केलं, हो! आईचं बारसं!

चित्र थांबलं नाही. चक्र फिरलं नाही. बाईंनी लगेच सांगितलं — "रस्ता उघडला की घेऊन या. जागा तिची." चारूनं मागं वळून बघितलं. सुभेदार भिंतीकडं तोंड करून उभे. खांदे हलत होते. मग वळले, आणि ती नवी खूण — भुवईवरून बोट — त्यांनी बरोबर करून दाखवली. पहिल्या फटक्यात! "खाज" नाही झाली!

आता तुमच्याकडं येतो. सुटलात असं वाटलं होय?

तुमच्याकडं साठ नसतील, रोजचे दोन असतील, नाहीतर मोप असतील. मी मापाचं बोलतच नाही. मी विचारतो — तुमच्या घरात काहीतरी थोडं आहेच की. वेळ थोडा आहे. लक्ष थोडं आहे. तोंडातला गोड शब्द तर फारच थोडा! ते थोडं कोण खातंय? एकदा ते पान उघडून बघा! घोरत असताना चाललेल्या कुस्त्यांवर किती गेलं, आणि ज्याचं तुमच्यावाचून अडलंय, त्याच्या वाट्याला किती आलं? आणि बोट कुणाकडं दाखवत होतात, तेही बघा.

आणि कुणाच्या घरी न ऐकू येणारा म्हातारा असेल, त्याला "काही नाही हो, तुमचं काम नाही" म्हणून गप्प बसवत असाल, तर आजपासून ते बंद! बसा समोर. शिका पाच खुणा. देवापुढं आपण काय करतो? हात जोडतो! म्हणजे देवाशीसुद्धा आधी हातच बोलतात, तोंड मागून येतं!

ओवी आता दुसरीत आहे. वर्गात इतके प्रश्न विचारते, की बाई म्हणतात, कुठून हिला शिकवलं!

आणि तिकडं, डावीकडच्या खांबापाशी बघा. ते ताठ बसलेले, पांढऱ्या मिशांचे — सुभेदार हिंदुराव पार्टे! आणि त्यांच्यासमोर चारू. मी इथं बोलतोय, आणि ते तिथं हातांनी तिला कीर्तन सांगतायत. चुकतात. ती दुरुस्त करते. मी मुद्दाम सावकाश बोलत होतो, त्याचं कारण हे!

आता टाळ्या वाजवू नका. थांबा! ती ऐकणार नाही टाळी. बहिऱ्या माणसांची टाळी वेगळी असते — दोन्ही हात वर करायचे आणि पंजे असे हलवायचे, पिंपळाच्या पानांसारखे. बापू, पखवाज ठेवा खाली. आज्यांनो, पदर सावरा. पोरांनो, फोन खिशात.

करा हात वर! सगळे! आणखी वर — तिला शेवटच्या रांगेतलेसुद्धा दिसले पाहिजेत!